बर्फावरची रंगाई : लादी तीच, धंदा नवा

नागपुरात बर्फ म्हटला की बर्फगोळा, लस्सी, लग्नाच्या मांडवातली पाण्याची पिंपे आणि मच्छीबाजार एवढेच लोकांना आठवते. कापड रंगवायलाही बर्फ लागतो, हे आजच्या पिढीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. ज्यांच्या घरी हातमाग होते आणि ज्यांनी सुताच्या लडी रंगताना पाहिल्या आहेत, त्यांना मात्र यात काही नवल वाटणार नाही.

अलीकडे अमेरिका, कॅनडा यांसारख्या थंड मुलुखांतून घरगुती रंगाईची एक तऱ्हा जगभर पसरली आहे. अंगणात पडलेला बर्फ ओल्या कापडावर रचायचा, त्यावर रंगाची कोरडी पूड भुरभुरायची आणि बर्फ वितळेपर्यंत हात लावायचा नाही. वितळणारे पाणी रंग घेऊन हळूहळू कापडात उतरते आणि संगमरवरावर असतात तशा, एकमेकांत मिसळलेल्या छटा उमटतात. असा दुपट्टा किंवा कुर्त्याचे कापड शहरांतल्या प्रदर्शनांतून साध्या रंगीत कापडापेक्षा चढ्या भावाने विकले जाते.

नागपूरच्या नशिबी आकाशातला बर्फ नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तरी बर्फ पडला नाही. गारा पडतात, पण त्या संत्र्याचा बहार आणि उभा गहू झोडपायला. म्हणून आपल्याकडे हे काम करायचे तर कारखान्याची लादीच आणावी लागेल, आणि लादीवरही ते उत्तम होते. विशेष म्हणजे रंग पक्का बसायला जी ऊब लागते ती नागपुरात फुकट मिळते. थंड मुलुखात त्यासाठी कापडाची टोपली घरात शेकोटीजवळ न्यावी लागते.

आपल्या हातमागाच्या घरांना या कामातून एक बरा जोडधंदा मिळू शकतो. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. एक म्हणजे पूड कोणती घ्यायची, आणि दुसरी म्हणजे भाव कसा लावायचा. पहिली गोष्ट नीट समजायची तर आधी जुन्या रंगाईकडे पाहावे लागते.

जुने 'बर्फाचे रंग'

१८५७ च्या उठावानंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून मोमिन-अन्सारी विणकरांची अनेक कुटुंबे दक्षिणेकडे सरकली. काही मालेगाव-भिवंडीकडे गेली, काही कामठी आणि नागपुरात स्थिरावली. मोमिनपुऱ्याचे नावच त्याची साक्ष देते. कोष्टी समाजाचे माग इथे त्याच्याही आधीपासून होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचे कापड दारात आले, तरी नऊवारी लुगड्यांच्या जोरावर हातमाग पुढे कित्येक वर्षे टिकला. १९७६ साली सुरू झालेल्या जनता कापड योजनेने त्याला थोडा आधार दिला. ती योजना नव्वदच्या दशकात गुंडाळली गेली आणि मागांचा आवाज गल्लीगल्लीतून कमी होत गेला.

हातमागावर सूत आधी रंगवायचे आणि मग विणायचे, ही रीत. गडद लाल, मरून, नारिंगी असे पक्के रंग देशभरच्या हातमाग केंद्रांत प्रामुख्याने नॅफ्थॉलचे असत. या रंगांना जगाच्या रंगबाजारात पूर्वीपासून 'बर्फाचे रंग' असेच नाव आहे, कारण बर्फावाचून ते होतच नसत.

नॅफ्थॉलची पूड कॉस्टिक सोडा आणि टर्की रेड ऑइल घालून गरम पाण्यात विरघळवतात. त्यात सुताच्या लडी बुडवून पिळून काढतात. या वेळी सुतावर नाव घेण्यासारखा रंग दिसत नाही, फार तर पिवळट झाक येते. दुसऱ्या भांड्यात 'बेस' नावाची पूड, हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडियम नायट्राइट यांचे मिश्रण बर्फ टाकून ० ते ५ अंशांवर तयार करतात. पिळलेली लडी त्यात बुडवली की क्षणात लालभडक होते. रंग भांड्यात तयार होत नाही, तो धाग्याच्या आतच जन्मतो. म्हणून तो धुण्याला पक्का. दुसरे भांडे तापले तर मिश्रण फेसाळून फुकट जाते, सूत डागाळते, आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. त्यामुळे नागपुरासारख्या गावात उन्हाळ्यात हे काम हौदाचे पाणी तापण्याआधी उरकावे लागे. पुढे बाजारात तयार 'साल्ट' आले. ते नुसते पाण्यात विरघळवले की काम होते, त्यामुळे लादीची गरज बरीच कमी झाली.

या विद्येचा पाया पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५८ साली घातला. १८८० साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या हॉलिडे कंपनीने धाग्यावरच असा लाल रंग घडवण्याचे पेटंट घेतले आणि १९१२ च्या सुमारास जर्मनीत नॅफ्थॉल एएस निघाले. त्यानंतर हे रंग हिंदुस्थानच्या हातमागावर आले.

रंग सुंदर होते, पण त्यांची दुसरी बाजूही होती. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ सालीच दाखवून दिले होते की रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात. पुढे ठरले की दोष काही ठराविक ॲरोमॅटिक अमाइनांचा आहे. ती श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातात. १९९४ साली जर्मनीने अशी अमाइने सोडणाऱ्या ॲझो रंगांचे कपडे विकण्यास मनाई करणारा कायदा केला आणि आपल्या निर्यातदारांची धांदल उडाली. १९९७ साली केंद्र सरकारनेही अधिसूचना काढली. आधी बंदी घातलेल्या बेंझिडीन रंगांसह वर्ज्य रंगांची संख्या ११२ झाली. युरोपीय संघाने २००२ साली हाच नियम आपल्या सर्व देशांना लागू केला.

इथे व्यापारी बांधवांच्या मनात एक घोटाळा असतो, तो दूर करायला हवा. 'ॲझो म्हणजे बंदी' असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. बाजारातले निम्म्याहून अधिक रंग ॲझो जातीचेच असतात आणि त्यांपैकी बहुतेक वापरायला मोकळीक आहे. मनाई आहे ती फक्त त्या यादीतली अमाइने सोडणाऱ्यांना. नॅफ्थॉलच्या कामातले चार बेस मात्र नाव घेऊन लक्षात ठेवावेत : फास्ट रेड टीआर, फास्ट गार्नेट जीबीसी, फास्ट ब्लू बी आणि फास्ट स्कार्लेट जी. हे चारही बेस म्हणजे त्या यादीतलीच अमाइने आहेत. त्यांचे साल्टही त्याच नावांनी ओळखले जातात आणि साल्टाने दोष जात नाही. कोणाच्या घरी माळ्यावर जुना डबा पडलेला असेल तर तो उघडूही नये. हातमोजे न घालता वर्षानुवर्षे लडी पिळणाऱ्या माणसांनी त्याची किंमत आपल्या अंगाने मोजली आहे, आणि ती कुठल्याच खातेवहीत लिहिली गेलेली नाही.

नव्या कामाची पूड वेगळी

बर्फावरच्या नव्या रंगाईत नॅफ्थॉल, बेस, ॲसिड यांतले काहीच लागत नाही. तिथे लागतो रिॲक्टिव्ह रंग. १९५४ साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन या दोघांनी शोधून काढले की काही रंग सोड्याच्या पाण्यात सुती धाग्याशी कायमचे जोडले जातात. धाग्यात अडकून बसण्याऐवजी ते धाग्याचाच भाग होतात. १९५६ साली 'प्रोसियन' नावाने हे रंग बाजारात आले. आज असे रंग आपल्या शेजारच्या गुजरातेत, अहमदाबाद आणि अंकलेश्वरच्या पट्ट्यात, प्रचंड प्रमाणावर बनतात आणि नागपूरच्या रंगबाजारातही मिळतात.

दुकानात नुसते 'रिॲक्टिव्ह द्या' म्हणून भागत नाही. 'कोल्ड ब्रँड' मागावा. हे रंग साधारण ३० ते ४० अंशांवर धाग्याशी जोडले जातात. 'हॉट ब्रँड'ला ८० अंशांची उष्णता किंवा वाफ लागते, म्हणून बर्फाच्या कामात तो धुण्यात निघून जातो. किराणा दुकानातल्या सुट्या पुडीचा रंग, जो मीठ घालून उकळावा लागतो, तोही इथे कुचकामाचा. तो कोणत्या जातीचा आहे हे पुडीवर लिहिलेले नसते, आणि बंदी घातलेले बेंझिडीन रंग पूर्वी नेमके याच वर्गात मोडत. रंगाचे पूर्ण नाव आणि जात लिहिलेले पक्के बिल जो दुकानदार देत नाही, त्याच्याकडून दोन पैसे स्वस्त मिळाला तरी माल घेऊ नये.

मग बर्फाचे काम काय? जुन्या रंगाईत बर्फ मिश्रण थंड ठेवायला लागे. नव्या रंगाईत तो फक्त सावकाश उघडणारा नळ आहे. पूड एकदम पाण्यात पडली तर सगळा रंग एकजीव होऊन बसतो. बर्फावर पडली की थेंबाथेंबाने विरघळते. दुकानातला काळा, जांभळा, तपकिरी किंवा मेंदी हिरवा रंग बहुधा दोन-तीन रंगांचे मिश्रण असते. त्यांतला एखादा घटक लवकर विरघळून जागीच बसतो, तर दुसरा पाण्याबरोबर लांब पसरतो. त्यामुळे एकाच जांभळ्या पुडीतून कुठे गुलाबी, कुठे निळा आणि मधोमध जांभळा असा खेळ दिसतो. रंगारी सारख्या रंगासाठी जन्मभर धडपडतो आणि इथे रंग फुटला की गिऱ्हाईक खूश होते, ही गंमतच म्हणायची.

पूड मिश्र आहे की शुद्ध हे ओळखणे सोपे आहे. ओल्या टीपकागदावर चिमूटभर पूड लांबून फुंकावी. एकाच रंगाचे ठिपके उठले तर रंग शुद्ध, वेगवेगळ्या रंगांचे उठले तर मिश्र. बर्फासाठी मिश्रच हवा.

करायचे कसे

आधी कापड. सुती, रेयॉन, लिनन आणि रेशीम यांवर हा रंग बसतो, पॉलिएस्टरवर अजिबात नाही. गांधीबागेतून कोरे कापड घेताना कडेचा एक धागा ओढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देऊन जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र धाग्याच्या कापडावर रंग फिकाच राहतो, दुकानदार काहीही सांगो. भंडारा-गडचिरोलीकडचे टसर या कामाला फार छान, पण त्याचा मूळ रंग मधासारखा असल्याने छटा मंद उतरतात आणि कापड महाग असल्याने शिकाऊ हाताने त्याच्या वाटेला जाऊ नये. रेशीम सोड्यात फार वेळ ठेवू नये, हेही लक्षात असावे.

कोऱ्या कापडात खळ असते. ती गरम पाण्यात साबण आणि सोडा घालून काढावी. ही पायरी ज्याने टाळली त्याच्या कापडावर पांढरे ठिगळ राहणार हे नक्की.

मग सोड्याचे पाणी. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा ॲश, एका लिटरला ५० ते ६० ग्रॅम. हा पुडीच्या सोड्याचा हिशेब झाला. खड्याचा सोडा घेतला तर त्यात पाणी धरलेले असते, म्हणून पावणेतीनपट लागतो. खाण्याचा सोडा चालत नाही. कापड यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून पिळून घ्यावे. उरलेले पाणी फेकू नये, ते पुढच्या घाण्याला चालते. त्याने हात सोलवटतात, म्हणून रबरी मोजे हवेतच.

प्लॅस्टिकच्या टबावर प्लॅस्टिकची जाळी ठेवून त्यावर कापड चुरगाळून पसरावे. कापड खाली साचलेल्या पाण्यात बुडता कामा नये, नाहीतर सगळ्या रंगांचा मिळून गढूळ करडा होतो. नागपुरात घरोघरी जुने कुलर पडलेले असतात आणि त्यांची टाकी-जाळी यासाठी वापरावीशी वाटते. प्लॅस्टिकची असेल तर खुशाल घ्यावी. पत्र्याची घेऊ नये, गंजाचा डाग बर्फाच्या कुठल्याच नक्षीत खपत नाही.

कापड चुरगाळण्यावरही नक्षी ठरते. मधून चिमटीत धरून पीळ दिला तर चक्र उठते, पंख्यासारख्या घड्या घातल्या तर पट्टे येतात. ज्यांच्या घरात बांधणी किंवा लहरियाचा हात आहे त्यांना हे शिकवावे लागणार नाही.

आता बर्फ. लादीचे तुकडे पोत्यात घालून लाकडी थापीने कुटावेत आणि कापडावर तीन-चार बोटे जाडीचा थर द्यावा. कडेने कापड उघडे राहू देऊ नये. बोराएवढे खडे असले तर ठसठशीत ठिपके आणि मोकळ्या पांढऱ्या जागा येतात. खऱ्या हिमासारखा मऊ, धुक्यासारखा परिणाम हवा असेल तर बर्फगोळ्याच्या रंध्यावर किसलेला भुगा वापरावा. रंधा मात्र या कामाचा वेगळा ठेवावा. ज्यावर रंगाचा बर्फ किसला त्यावर मुलांचा गोळा किसायचा नाही. हाच नियम टब, चमचे, गाळणी या सगळ्यांना.

बर्फ विकत घेताना तो निळसर दिसला तर दचकू नये. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्याच्या बर्फाची ओळख वेगळी राहावी म्हणून न खाण्याच्या बर्फात अगदी थोडा निळा खाद्यरंग घालण्याचा नियम आहे. तो निळा सोड्यातल्या सुती कापडाला धरत नाही, धुण्यात जातो. आपल्या कामाला हाच बर्फ घ्यावा. रेशीम रंगवायचे असेल तेव्हा मात्र पांढरा मागावा.

बर्फावर पूड भुरभुरायची ती चहाच्या गाळणीतून किंवा चमच्याने टिचकी मारत. एका दुपट्ट्याला दोन-तीन चहाचे चमचे पूड पुरते. दोन रंग घेतले तर शेजारी शेजारी टाकावेत. लाल, हिरवा, जांभळा सगळेच एका जागी ओतले तर चिखल होतो. या वेळी पंखा बंद आणि तोंडावर चांगला मुखपट्टा बांधलेला हवा. रिॲक्टिव्ह पूड बेसइतकी घातक नसली तरी तिची धूळ श्वासात गेली की काहींना दमा लागतो, आणि एकदा त्या धुळीची बाधा सुरू झाली की पुढे चिमूटभरही सोसत नाही. घरात तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हे काम गच्चीवर, वारा नसताना करावे.

मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, दुपारी उघड्यावर ठेवलेला बर्फ पाहता पाहता वितळतो आणि नक्षी भरड होते. उन्हाळ्यात टब रात्री मांडावा आणि वरून पोते टाकून झाकावा, जसा बर्फवाला आपली लादी झाकतो. बर्फ सावकाश वितळला की छटा बारीक उतरतात. वितळून झाल्यावर कापड लगेच उचलू नये. खरा रंग बसतो तो त्यानंतर, कापडाला ऊब मिळाली की. प्लॅस्टिकने झाकून ओलेच ठेवावे, सुकू देऊ नये. टब मांडल्यापासून उन्हाळ्यात बारा तास पुरतात.

धुण्यात धंदा

या कामात जो माल परत येतो तो नक्षीच्या दोषाने क्वचितच, तो येतो रंग सुटतो म्हणून. रिॲक्टिव्ह रंगातला बराच भाग धाग्याशी न जुळता पाण्याशीच जुळतो आणि कापडात नुसता भरलेला राहतो. तो काढून टाकल्याशिवाय कापड विकणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सलवारीवर डाग विकणे.

पहिले धुणे थंड पाण्यात, खळबळून, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत. त्याने सोडा निघून जातो. सोडा असतानाच गरम पाणी ओतले तर सुटा रंग पांढऱ्या जागी जाऊन बसतो. मग कढत पाण्यात साबण घालून अर्धा तास, आणि पुन्हा तेच, गरज पडल्यास तिसऱ्यांदा. पाणी नळाचे घ्यावे. कन्हान आणि पेंचचे पाणी जड नाही, पण अनेक वस्त्यांतल्या बोअरिंगचे पाणी जड असते. त्यात सोडा पांढरी साय धरतो आणि रंग मळकट दिसतो.

शेवटची तपासणी कोणालाही करता येते. धुतलेल्या ओलसर कापडावर पांढरी सुती चिंधी ठेवून गरम इस्त्री दाबावी. चिंधीला रंग लागला तर कापड अजून धुवायचे आहे. चिंधी कोरी राहिली तरच कापडावर 'पक्का रंग' लिहावे. प्रत्येक घाण्याची चिंधी तारीख टाकून जपून ठेवली तर ठोक व्यापाऱ्यासमोर ती हजार शब्दांचे काम करते.

धुण्याचे रंगीत पाणी विहिरीजवळ किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये, सोड्याने जमीन खराब होते. घरगुती प्रमाणात ते भरपूर साध्या पाण्याबरोबर गटारात जाऊ द्यावे. पण काम वाढून रोजच्या पन्नास-शंभर नगांवर गेले, तर तो घरगुती धंदा राहत नाही आणि सांडपाण्याच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो. नाग नदीची आजची अवस्था पाहता तो उभा राहायलाच हवा.

भाव आणि मजुरी

बर्फाच्या रंगाईत दोन नग सारखे होत नाहीत. ठोक व्यापाऱ्याला 'या नमुन्यासारखे पन्नास द्या' म्हणायची सवय असते, आणि तिथेच भांडण होते. नमुना म्हणून एक कापड कधीच दाखवू नये. एकाच पुडीचे चार-पाच तुकडे दाखवावेत आणि माल या घराण्यातला येईल, हुबेहूब येणार नाही, हे आधीच सांगावे. कुर्ता आणि दुपट्टा जोडीने विकायचा असेल तर दोन्ही एकाच टबात, एकाच बर्फाखाली ठेवावेत. तेवढी जुळणी होते आणि गिऱ्हाइकाला तीच आवडते.

हिशेब मांडताना कापड, पूड, सोडा, बर्फ, साबण आणि गरम पाण्याचे इंधन एवढे सगळे लिहितात. पाण्याचे इंधन पुष्कळदा पुडीहून महाग पडते, हेही थोड्या दिवसांत कळते. लिहिली जात नाही ती घरातल्या बाईची मजुरी. खळ काढणे, बर्फ कुटणे, तीन-तीन वेळा धुणे, इस्त्री, हे सगळे 'घरचेच आहे' म्हणून फुकट धरले की दुपट्टा स्वस्त पडल्यासारखा वाटतो आणि व्यापारी त्याच भावाला चिकटून बसतो. कामठीपासून गोंदियापर्यंत विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला नेमके हेच आले. पाने-तंबाखू दुसऱ्याचा, भाव दुसऱ्याने ठरवलेला, घरातल्या स्त्रीकडे फक्त बोटे. बर्फाच्या रंगाईत पूड कोणाची आणि गिऱ्हाईक कोणाचे, हे पहिल्या महिन्यातच ठरते. पूड व्यापाऱ्याने दिली आणि नगावर मजुरी घेतली, तर हा धंदाही त्याच वाटेने जाईल. म्हणून चार घरांनी मिळून पूड आणि लादी आणावी, बिल आपल्या नावावर ठेवावे. बिघडलेला नगही हिशेबात धरावा. दहातला एक वाया जात असेल तर उरलेल्या नऊंनी त्याची किंमत भरून काढली पाहिजे.

कच्छच्या खत्री कारागिरांकडे पाहावे. अजरख आणि बांधणीचे काम करणाऱ्या या मंडळींचे धमडका गाव २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले. पाण्याचाही प्रश्न होता. त्यांनी भुजजवळ अजरखपूर नावाची नवी वस्ती वसवली आणि आपल्या हुन्नराच्या नावावरच गावाचे नाव ठेवले. आज देशोदेशीचे खरेदीदार त्या वस्तीत चालत येतात. तिथे शतकांची परंपरा आहे आणि बर्फाच्या रंगाईला नाही, हा फरक मोठा आहे. पण रंगाचे तंत्र आणि गिऱ्हाइकाची ओळख ही दोन्ही कारागिराने आपल्याच हातात ठेवली, एवढे तरी त्यांच्याकडून उचलता येते.

शिकायला लांब जायला नको. केंद्र सरकारचे विणकर सेवा केंद्र नागपुरात आहे आणि सूत-कापडाच्या रंगाईचे शिक्षण हे अशा केंद्रांचे मुख्य कामच आहे. तिथे कोल्ड ब्रँड रंगांची माहिती विचारावी आणि आपला नमुना रंग सुटतो का ते तपासून घ्यावा. परदेशी माल पाठवायचा विचार असेल तर वर्ज्य अमाइनांची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घेण्याला पर्याय नाही. खरेदीदार तो कागद मागतोच.

ज्यांना मोमिनपुऱ्याच्या रमजान बाजारासाठी माल करायचा आहे त्यांनी ऋतूचा हिशेब आधीच करावा. येती काही वर्षे रमजान हिवाळ्याच्या दिवसांत येणार आहे. त्या दिवसांत रात्रीची खोली १५ अंशांच्याही खाली जाते, बर्फ वितळायला सकाळ होते आणि त्यानंतर रंग बसायला पूर्ण दिवस लागतो. कापड दुपारच्या उन्हात, काळ्या प्लॅस्टिकखाली, ओले ठेवावे लागते. उन्हाळ्यात एका टबातून दोन दिवसांत जेवढा माल निघतो, त्याला थंडीत चार दिवस धरावेत, आणि कोरे कापड, पूड व टब त्या हिशेबाने दोन महिने आधी जमवावेत.